परांची

आजा खोगिरं शिवायचा, शिंद्यांच्या पागेसाठी.
बापाच्या वेळी घोडे गेले, दाभण उरलं,
मग दाभणाने पुस्तकं धरली.
मी तिसरा. लष्करात, दाणाओळीच्या तोंडाशी
शिकंजा, खळीचं पातेलं, खळीत चिमूटभर मोरचूद,
आणि समोर द्रविडांच्या लायब्ररीतला गठ्ठा:
बावीस इंग्रजी कादंबऱ्या, सगळ्यांच्या पाठी मोडलेल्या.

कव्हरांवर बायका. कपाळ उघडं, केसांत मोती,
गळ्याभोवती ताटाएवढी चुण्यांची झालर,
जसं डोकं वेगळं वाढून ठेवलंय.
द्रविड म्हणाले, विलायतेच्या राण्यांच्या गोष्टी आहेत,
बायका रांग लावून नेतात,
कडा मारून स्वच्छ करून दे.

मला इंग्रजी येत नाही.
आकडे येतात. पान मागंपुढं झालं तर कळतं.

पण समासात कुणीतरी
बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने
मराठी लिहून ठेवलेलं.

किनखाब.
थोरल्या राणीसाहेब, म्हणजे आता बिनकामाच्या.
दाराबाहेर उभं राहायची नोकरी.
गरोदर. राजाला अजून कळवलेलं नाही.
पुन्हा मुलगीच.

जुज सोडवता सोडवता मी एवढंच वाचत गेलो.
दहा पानांत एक शब्द, कधी वीस पानांत.
मधलं मी भरलं. दरबार मला ठाऊक होता,
बाहेरून: दसऱ्याला बापाचा हात धरून
उन्हात उभं राहून पाहिलेली हत्तीची पाठ,
आणि आत कोण कोणाच्या उजवीकडे बसलं
यावरून चार महिने चाललेल्या गोष्टी.
तिकडेही तेच असणार. थंडी जास्त, एवढंच.

सतराव्या पुस्तकात, पान तीनशे सहावर,
‘परांची’ लिहिलं होतं.
परांची मला माहीत. बाड्यावर रंगकाम निघालं की
बांबू बांधतात, माझा मेहुणा चढतो.
म्हटलं, राणीला महाल बांधतायत.
मग दिसलं, शब्दावर रेघ मारलीय,
आणि खाली, पेन्सिल जरा दाबून:
‘वधाचा चौथरा. अगं बाई.’

पुढची आठ पानं समास रिकामे.
मग, ‘केस वर बांधले.’
मग, ‘लगेच दुसरी?’

द्रविडांना विचारलं, हे कोणाचं अक्षर?
चष्मा वर करून त्यांनी पाहिलं.
फणसळकर बाई. सरदारांच्या घरी
मुलींना इंग्रजी शिकवायच्या,
महिना तीस रुपये, दसऱ्याला लुगडं.
जहागिरी गेली, मुली उजवल्या,
बाई देवासला भावाकडे गेल्या
आणि पुस्तकं वजनावर माझ्याकडे आली.
कपाटाला किल्ली होती म्हणे,
ती बाईंना मिळाली कशी, कुणी विचारलं नाही.

सुरी अर्धं बोट कागद खाते.
अर्ध्या बोटातच बाईंचं सगळं अक्षर.
मी कडा मारल्या नाहीत.
बकरम चढवलं, जुजबंदी पक्की केली,
बावीस पुस्तकं कुत्र्याने कुरतडल्यासारख्या कडांची
नेऊन ठेवली. द्रविड भडकले.
पुस्तकामागे चार आणे कापले.
बरोबरच होतं त्यांचं.

एक पुस्तक मात्र दोन रात्री घरी ठेवलं होतं.
त्यात पान एकशे एकोणनव्वदला
शब्दाचा अर्थ नाही, नुसतं लिहिलंय:
‘येथवर वाचले. आतून बोलावणे आले.’

त्यानंतर समासात काही नाही.
कव्हरावर हिरव्या झग्यातली, लाल केसांची,
हातात हातमोजे धरलेली बाई.
तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही.
चारशे बारा पानं होती.
सगळी आहेत. मी मोजली.